लागते आणि द्यावी लागते: कायद्यातील गरजेचे भाषांतर

इंग्रजी कायद्यातला 'नेसेसरी' हा शब्द मराठीत आणताना अडचण शब्दांच्या टंचाईची नसते, सुकाळाची असते. गरज, जरूर, नड, निकड, तातडी, अगत्य, आवश्यकता, अपरिहार्यता असे कितीतरी शब्द पुढे येतात आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी बिनबोभाट बसत नाही. पोराची फी भरायला पैशांची गरज असते, अडीनडीला शेजारी धावून येतो, निकड लागली की माणूस व्याजाचा दर विचारत नाही, आणि अपरिहार्य गोष्टीपुढे कुणाचेच काही चालत नाही. इंग्रजी शब्दाने ही सगळी वजने एकाच पोत्यात भरलेली असतात. त्यातले किती मापायचे ते न्यायालय प्रकरण पाहून ठरवते. मराठी भाषांतरकाराला मात्र शब्द लिहितानाच माप टाकावे लागते. तेवढ्यापुरता तो अर्धा न्यायाधीश होतो, आणि पुष्कळदा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

या शब्दांची कुळे पाहिली की वजनातला फरक कुठून आला ते कळते. 'गरज' आणि 'जरूर' अरबीतून फारसीमार्गे मराठी दप्तरात आले. अरबीत 'गरज' म्हणजे हेतू, प्रयोजन. मराठीत हा शब्द हेतूकडून उणिवेकडे सरकला. 'आवश्यक'च्या मुळाशी 'अवश्य' आहे, म्हणजे जे वश होत नाही, टाळता येत नाही ते. पण वापराने तो इतका झिजला आहे की अर्जासोबत 'आवश्यक कागदपत्रे' जोडताना कुणाला अटळपणा आठवत नाही. सर्वांत गमतीची गत 'अगत्या'ची. संस्कृत 'अगति' म्हणजे दुसरी वाट नसणे. त्यातून निघालेला हा शब्द जुन्या पत्रांत खऱ्याखुऱ्या निकडीसाठी येई. आज तो लग्नपत्रिकेत आणि पाहुणचारात उरला आहे. कायद्याला अगदी हवा होता तोच शब्द जेवणाच्या पंगतीत जाऊन बसला.

राज्यकारभाराचे शब्द ठरवण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. राज्यस्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय सुरू झाले आणि पुढे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश निघाले. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा केले, तर २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या दिवाणी न्यायालयात दावा मराठीत चालतो. तोच दावा उच्च न्यायालयात गेला की कागदांचे भाषांतर करावे लागते, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथली भाषा इंग्रजी. थोडक्यात, मावळातली 'नड' मुंबईला जाताना 'नेसेसिटी' होते आणि निकाल परत येताना त्या 'नेसेसिटी'ची पुन्हा 'गरज' किंवा 'आवश्यकता' होते. या येण्याजाण्यात वजन कमीजास्त होण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

वाटेची गरज

पहिली जागा वाटेची. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत भाताची खाचरे एकाला एक लागून असतात. उन्हाळ्यात कुठूनही बैलगाडी जाते. पाऊस सुरू झाला की खाचरात पाणी उभे राहते आणि जायला फक्त बांध उरतो. अशा जमिनीचा मागचा भाग विकला गेला आणि खरेदीखतात वाटेचा उल्लेख राहून गेला, तर घेणाऱ्याने जायचे कुठून?

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याचे कलम १३ सांगते की विकलेल्या जमिनीचा उपभोग घेण्यासाठी विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून जाणे 'नेसेसरी' असेल, तर खतात लिहिलेले नसले तरी घेणाऱ्याला तो हक्क मिळतो. न्यायालयांनी इथल्या गरजेचा अर्थ कडक लावला आहे: दुसरी वाट अजिबात नसली पाहिजे. दुसरी वाट लांबची आहे, चिखलाची आहे, चढाची आहे, एवढ्याने भागत नाही. ती आहे ना, मग हा हक्क नाही. ही गरज 'अगत्य' या शब्दाच्या मूळ अर्थाची आहे.

पण त्याच कलमात दुसऱ्या प्रकारचा हक्कही आहे. जमीन एकाच मालकाची असताना जी सोय उघडपणे व सतत वापरात होती, उदाहरणार्थ वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडणारा पाट, ती जमीन विभागल्यावरही चालू राहते, जर पूर्वीसारखा उपभोग घेण्यासाठी ती 'नेसेसरी' असेल तर. शब्द तोच, वजन मात्र निम्मे. पाट बंद झाला तर जमीन निरुपयोगी होणार नाही. ती पूर्वीसारखी पिकणार नाही, इतकेच. पहिल्या ठिकाणी 'अपरिहार्य' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आवश्यक' लिहिले तर अर्थ चोख उतरतो. मात्र कायद्याच्या भाषांतराचा पहिला दंडक असा की एका कलमातल्या एका शब्दाला एकच प्रतिशब्द द्यावा. नाहीतर वकील विचारणार, विधानमंडळाने इथे शब्द का बदलला? दोन्हीकडे 'आवश्यक' लिहिले तर दंडक पाळला जातो, पण पहिल्या हक्काचा कडकपणा वाचणाऱ्याला दिसत नाही. बहुतेक भाषांतरकार दंडक पाळतात, आणि ते बरोबरच आहे. अर्थाची उकल निकालांवर सोडणे हे शब्द मनाने बदलण्यापेक्षा कमी धोक्याचे.

'निकड' हा शब्द इथे चालणार नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. निकडीत वेळेचा दाब असतो. वाटेची गरज आज आहे, उद्या आहे, वीस वर्षांनीही आहे. ती संपते ती फक्त एका कारणाने: दुसरी वाट मिळाली की. कलम ४१ तसे स्पष्ट म्हणते, आणि त्याखालच्या उदाहरणातल्या माणसाने शेजारच्या जमिनीचा जो तुकडा विकत घेतला त्यातून त्याला आपल्या शेतात जाता येऊ लागले, म्हणून त्याचा जुना हक्क संपतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण कृतघ्नपणाची म्हणून सांगितली जाते. कायद्यात ती अक्षरशः लागू आहे.

गावात भांडण पेटते तेव्हा या बारकाव्यांची सरमिसळ होते. 'ही आमची बापजाद्यांपासूनची वहिवाटीची वाट आहे, आणि हिच्याशिवाय आम्हाला दुसरी वाट नाही' असे वाक्य अर्जात हमखास असते. बोलणाऱ्याला ते एकच म्हणणे वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी म्हणणी आहेत. वहिवाटीचा हक्क वीस वर्षांच्या उघड, अखंड वापराने मिळतो. त्याला गरज सिद्ध करावी लागत नाही. गरजेचा हक्क जमीन विभागल्याच्या क्षणी मिळतो. त्याला वापराची वर्षे मोजावी लागत नाहीत. भाषांतरात 'आणि'च्या जागी 'म्हणून' पडले तरी दाव्याचा पाया हलतो.

कायदेशीर गरज

लोणावळा-खंडाळ्याच्या आसपास जमिनीला भाव आला तसा खरेदीखतांत एक शब्दप्रयोग ठाण मांडून बसला: 'कायदेशीर गरज'. लिहून देणार यांना एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी व कुटुंबाच्या फायद्यासाठी पैशांची जरुरी असल्याने, अशा धर्तीचे वाक्य वडिलोपार्जित जमिनीच्या बहुतेक दस्तांत सापडते. ऐकणाऱ्याला प्रश्न पडावा, गरज कधी बेकायदेशीर असते काय? हा शब्दप्रयोग मराठी मनातून आलेला नाही. तो इंग्रजी 'लीगल नेसेसिटी'चा शब्दशः उतारा आहे, आणि ती इंग्रजीही मुळात भाषांतरच होती.

मूळ आहे मिताक्षरेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या या टीकेत, कुटुंबातल्या एकट्यानेही स्थावर मालमत्ता गहाण टाकावी किंवा विकावी अशी तीन निमित्ते मान्य केली आहेत: आपत्काल, कुटुंबार्थ आणि धर्मार्थ. संकट, कुटुंबाचे पोषण, आणि श्राद्धासारखे टाळता न येणारे कर्तव्य. इंग्रज न्यायाधीशांपुढे हे तिन्ही आले तेव्हा त्यांनी त्यांची मोट बांधली. १८५६ मध्ये हनुमानप्रसाद पांडे यांच्या गाजलेल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मालमत्तेवरचा दाब, टाळायचे संकट आणि मालमत्तेचा फायदा या कसोट्या सांगितल्या. शिवाय पैसे देणाऱ्याने गरज खरी आहे का याची चौकशी करायला हवी, असेही ठरवले. पुढच्या निकालांत या सगळ्याला 'लीगल नेसेसिटी' हे नाव चिकटले. तीन संस्कृत शब्दांचा एक इंग्रजी शब्दप्रयोग, आणि त्याची मराठीत 'कायदेशीर गरज'. या फेऱ्यात धर्मार्थ कुठे गेला ते दस्त वाचून कळत नाही, पण कायद्यात तो अजून आहे: मुलीचे लग्न, अंत्यसंस्कार, श्राद्ध यांचा खर्च न्यायालये कायदेशीर गरजेतच धरतात. कर्जफेड, सरकारी देणे, आजारपण, वारसहक्काच्या दाव्याचा खर्च हेही त्यात येते.

'आपत्काल' नावाने आलेली गोष्ट 'गरज' नावाने परत आल्यामुळे कसोटीही सैल वाटू लागली. वस्तुतः दस्तात हे शब्द लिहिल्याने गरज सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' असा शेरा असलेल्या कर्त्याने, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरने, जमीन विकली आणि नंतर मुलांनी दावा लावला, तर गरज होती किंवा आपण तशी नीट चौकशी केली होती हे घेणाऱ्याला पुराव्याने दाखवावे लागते. बापाने केलेली विक्री रद्द करून मागायला मुदत कायद्याने मुलाला घेणाऱ्याच्या ताब्यापासून बारा वर्षे देते. म्हणून जाणता दस्तलेखक नुसते 'कायदेशीर गरज' लिहून थांबत नाही. सोसायटीचे अमुक कर्ज, विहिरीचे अमुक काम, असे तपशील घालतो. जुन्या दस्तांत याच जागी 'नड' हा शब्द असे: घरखर्चाची नड, कर्जफेडीची नड. तो शब्द गावरान वाटला म्हणून मागे पडला असावा, पण कायद्याच्या अर्थाला तो जास्त जवळचा होता. नड ही नेहमी कशाची तरी असते. 'गरज' मोघम राहू शकते.

गरज म्हणजे इच्छा नव्हे, हा भेद भाडे नियंत्रण कायद्यातही कळीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे घरमालकाला स्वतःच्या वापरासाठी जागा वाजवी कारणाने आणि खरोखर हवी असेल तर ती परत मागता येते. मात्र जागा सोडण्याने भाडेकरूची जास्त अडचण होत असेल तर न्यायालय नकार देते. लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीचे दुकान टाकावेसे वाटणे ही इच्छा. धाकट्या भावाला उपजीविकेला दुसरे साधन नाही म्हणून दुकानाची जागा लागणे ही गरज. मराठीत 'हवी' या एका क्रियापदात दोन्ही बसतात, आणि वादपत्रात नेमके तेच क्रियापद येते. उलटतपासणीत मग वकील त्यावरच बोट ठेवतो.

करार कायद्याच्या कलम ६८ मध्ये आणखी एक सापळा आहे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीला तिच्या राहणीमानाला साजेशा 'नेसेसरीज' पुरवल्या तर त्यांची किंमत तिच्या मालमत्तेतून वसूल होते. इथे 'जीवनावश्यक वस्तू' हा शब्द हाताशी येतो आणि घात करतो, कारण तो १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाने धान्य, तेल, खत अशांसाठी अडवून ठेवला आहे. कलम ६८ मधली गरज माणसागणिक बदलते. १९०८ च्या एका इंग्लिश खटल्यात केंब्रिजच्या विद्यार्थ्याला शिंप्याने अकरा भारी जाकिटे शिवून दिली होती. विद्यार्थ्याकडे कपडे भरपूर होते, म्हणून शिंप्याला पैसे मिळाले नाहीत. कपडे नसते तर तीच जाकिटे कदाचित गरज ठरली असती. जीवनावश्यक मात्र ती कशीही ठरत नाहीत.

जमीन लागते

मावळाच्या सार्वजनिक आयुष्यात ज्या गरजेने सर्वांत मोठी उलथापालथ केली ती भूमिसंपादनाची. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळ्याजवळ वळवण आणि शिरवत्याचे तलाव बांधले गेले, १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले, आणि मग पाळी मुळशीच्या धरणाची आली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे उभे राहिले. त्यांच्या जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली.

त्या कायद्याच्या कलम ४ मधली अधिसूचना म्हणे की अमुक जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागते किंवा लागण्याचा संभव आहे. इंग्रजीत इथे 'नीड' धातू आहे. मराठीत 'गरज आहे' असेही म्हणता येते, पण बोलीतले स्वाभाविक क्रियापद 'लागणे' हेच. आणि या क्रियापदाने मराठीत जे साधले आहे ते इंग्रजीत एका शब्दात साधत नाही. सरकारला जमीन लागते. म्हणून शेतकऱ्याला ती द्यावी लागते. एकाची गरज आणि दुसऱ्याची सक्ती एकाच धातूवर उभी आहे. उसनवारीतही तोच धातू: अमका तमक्याला हजार रुपये देणे लागतो. गरज, सक्ती आणि ऋण, तिन्ही 'लागणे'च. खोऱ्यातल्या माणसाला कायद्याची भाषा कळत नव्हती असे म्हणतात. हे वाक्य त्याला नक्कीच पुरते कळले असणार.

जुन्या कायद्यात याहून कठीण गाठ होती. कलम ६ खालची घोषणा हाच जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागते याचा निर्णायक पुरावा मानला जाई. म्हणजे लागते की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न सरकारने 'लागते' म्हटल्यावर संपे. हरकत ऐकून घेण्याची तरतूद, कलम ५-अ, कायद्यात आली १९२३ च्या दुरुस्तीने. कंपनीसाठी संपादन असेल तर सातव्या भागात दुहेरी कसोटी होती: बांधकामासाठी जमिनीची गरज हवी आणि ते काम लोकांना उपयोगी पडण्याजोगे हवे. गरज कंपनीची, उपयोग लोकांचा. भाषांतरात दोन्हीकडे 'आवश्यक' लिहिले तर ही विभागणी पुसली जाते, आणि मुळशीच्या वादाचा गाभा नेमका या विभागणीत होता.

निकडीची खरी जागा कलम १७ मध्ये. तातडी असेल तर सरकारला निवाड्याची वाट न पाहता ताबा घेता येई आणि कलम ५-अ ची सुनावणीही वगळता येई. कायद्यात तातडी आणि आणीबाणी असे दोन शब्द होते. १९७५ नंतर 'आणीबाणी' हा शब्द कायद्याच्या साध्या कलमात वापरणे अवघड झाले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतेच उभे राहते. महाराष्ट्रातल्याच नारायण गोविंद गावटे यांच्या प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकडीच्या पायऱ्या दाखवल्या: काम निकडीचे असणे वेगळे, आणि महिनाभराची सुनावणीदेखील परवडणार नाही इतकी निकड असणे वेगळे. निवासी व औद्योगिक विकास हे प्रयोजन असले म्हणून दुसरी निकड आपोआप सिद्ध होत नाही.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूमिसंपादन कायद्याने ही निकड आवळली. देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, किंवा संसदेच्या मान्यतेने अन्य आणीबाणी, एवढीच कारणे उरली. शिवाय सामाजिक परिणामांच्या पाहणीत प्रकल्पाला अगदी कमीत कमी किती जमीन पुरेल ते तपासायचे आहे. गरजेला 'किती' हा प्रश्न कायद्याने इतक्या स्पष्टपणे प्रथमच विचारला. औद्योगिक विकास महामंडळाचा १९६१ चा कायदा मात्र स्वतंत्र वाटेने चालतो. तळेगावच्या आसपास शेतकरी कलमांची नावे घेत नाहीत. 'बत्तीस-दोनची नोटीस आली' आणि 'सातबाऱ्यावर शिक्का पडला' एवढे म्हणतात. कलम ३२ (२) च्या नोटिशीने म्हणणे मांडायला सांगितलेले असते, पण शिक्का हा शब्द काय तो निर्णय आधीच सांगून टाकतो.

कुणाची गरज मोठी, हे ठरवायला या कोणत्याही शब्दात सोय नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळात विरोध झाला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावरच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. शहराला पिण्याचे पाणी लागते आणि खोऱ्याला शेतीचे. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच.

रशियन भाषेशी तुलना केली तर गरज, सक्ती आणि ऋण एकत्र गुंफण्याची मराठीची ही ठेवण एकटी नाही असे दिसते. रशियन कायद्यात जमीन घेतली जाते ती 'नुझ्दी'साठी, म्हणजे राज्याच्या व नगरपालिकांच्या गरजांसाठी; इंग्रजी कायदा तिथे 'प्रयोजन' म्हणतो. 'गरज'चा अरबी अर्थ प्रयोजन होता हे आठवले की मराठी या दोहोंच्या मध्ये उभी दिसते. 'नेओबखोदिमोस्त' या रशियन शब्दाची फोड 'जिला वळसा घालता येत नाही ती' अशी होते. 'अगत्य'चा तो सख्खा भाऊच. 'दोल्झेन', म्हणजे बांधील, हा शब्द ऋण या अर्थाच्या 'दोल्ग'वरून आला, जसे मराठीत देणे लागणे. आणि 'ओब्याझान'मध्ये बांधण्याचा धातू आहे, जसा 'बंधनकारक'मध्ये. पण सारखेपणावर विसंबणे धोक्याचे. १९९६ च्या रशियन दंडसंहितेत कलम ३९ 'क्राइन्याया नेओबखोदिमोस्त', म्हणजे पराकाष्ठेची गरज, आणि कलम ३७ आवश्यक बचाव असे दोन बचाव आहेत. इंग्रजीत पहिला नुसता 'नेसेसिटी' आणि दुसऱ्यात गरज हा शब्दच नाही. भारतीय कायद्यात तर दुसरा खाजगी बचावाचा हक्क, आणि पहिला जिथे आहे त्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, 'नेसेसिटी' हा शब्द तरतुदीत येतच नाही. आग पसरू नये म्हणून घरे पाडणाऱ्याचे उदाहरण येते. शब्दाला शब्द लावणाऱ्याला हे कलम सापडणारसुद्धा नाही.

'करील' म्हणजे काय

गरजेचा दुसरा अर्धा भाग नामांत नसतो, क्रियापदांत असतो. इंग्रजी कायद्यातला 'शॅल' मराठी अधिनियमांत साध्या भविष्यकाळाने येतो: जिल्हाधिकारी चौकशी करील. 'मे' येतो 'करता येईल' असा: राज्य शासनास, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियम करता येतील. कायदा रोज वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही. पण ज्याला नोटीस आली आहे तो 'चौकशी करील' हे भाकीत म्हणून वाचतो. करील तेव्हा करील. अधिकाऱ्यावर ते बंधन आहे, हे त्या रूपातून त्याला कळत नाही. मराठीची स्वतःची सक्तीची रूपे वेगळी आहेत: 'केले पाहिजे', 'करावे लागेल', आणि शासनाच्या पत्रांतले 'करावे'. 'पाहिजे' हे 'पाहणे'चे जुने कर्मणी रूप, म्हणजे मूळ अर्थ 'पाहिले जाते, वाट पाहिली जाते'. त्यात अपेक्षा आहे. 'लागेल'मध्ये बाहेरून आलेला दाब आहे. 'करावे'मध्ये वरून खाली आलेली आज्ञा. अधिनियमाने तिन्ही टाळून 'करील' निवडले. त्याला एक समर्थन आहे: कायदा कुणाला उद्देशून बोलत नाही, तो व्यवस्था कशी चालेल ते सांगतो. 'करण्यात येईल' या रूपाला मात्र तेवढेही समर्थन नाही. त्यात करणारा कोण हेच नाहीसे होते, आणि बंधन टाकायला माणूसच उरत नाही.

न्यायालयांनी या दोन रूपांची सीमा पक्की ठेवलेली नाही, हे भाषांतरकाराचे आणखी एक दुखणे. अधिकार एखाद्याच्या हितासाठी दिलेला असेल तर 'करता येईल' याचा अर्थ 'करावेच लागेल' असा होऊ शकतो. उलट, दिवाणी प्रक्रिया संहितेत लेखी कैफियत दाखल करण्याच्या मुदतीची भाषा 'शॅल'ची असूनही २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक मानली. म्हणून भाषांतरात 'केलेच पाहिजे' असा 'च' घालण्याचा मोह टाळलेला बरा.

कधी कधी कायदा गरज मागतच नाही, आणि भाषांतर ती आत घुसवते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. अशा आदेशांचा आधार म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले. त्यातली इंग्रजी कसोटी तात्काळ प्रतिबंध 'इष्ट' असण्याची आहे. 'आवश्यक' असण्याची नाही. मराठीत 'तात्काळ प्रतिबंध करणे आवश्यक आहे' लिहिले तर वाक्य वजनदार होते, पण दंडाधिकाऱ्याने कायद्याने मागितल्यापेक्षा जास्त सिद्ध करण्याची जबाबदारी आपण होऊन घेतलेली असते. धबधब्यापाशी उभ्या असलेल्या पोलिसाला याने फरक पडत नाही. आदेशाला आव्हान मिळाले तर पडतो.

ही सगळी रूपे एकत्र पाहायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ उत्तम. दुसऱ्याच्या सर्व्हे नंबराच्या हद्दीवरून वाट मागणाऱ्याच्या दाव्याची तहसीलदाराला चौकशी करता येईल: हा 'मे'. निर्णय देताना तो शेतात वाजवी रीतीने जाता यावे याबाबतची शेतकऱ्यांची गरज लक्षात घेईल: हा 'शॅल', आणि त्यातच 'गरज'. इथली गरज सुविधाधिकाराच्या कलम १३ सारखी कडक नाही. 'वाजवी' या एका विशेषणाने ती सैल केली आहे. दुसरी वाट असूनही ती पावसात बुडत असेल, तर तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, जी दिवाणी न्यायालय गरजेचा सुविधाधिकार म्हणून बहुधा देणार नाही. अस्तित्वात असलेली वाट कुणी अडवली असेल तर मात्र अर्ज १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, आणि तोही अडवल्यापासून सहा महिन्यांत. वडगावच्या तहसील कचेरीत हे दोन्ही अर्ज एकाच टेबलावर येतात. अर्जदाराने दोन्हींत 'आम्हाला वाट लागते' असेच लिहिलेले असते. कलम १४३ खालचा निर्णय ज्याला मान्य नाही त्याला वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो, आणि तिथे गेल्यावर 'लागते' या शब्दाचे माप पुन्हा पहिल्यापासून काढावे लागते.